जुन्या इटालियन फेल्ट बाहुल्या: ओळख, खरेदी आणि जपणूक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुन्या फेल्ट (म्हणजे लोकरी नमद्याच्या) बाहुल्यांबद्दल विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "ही लेंची आहे का?" सोबत फोटो असतो, आणि तो बहुधा लेबलचा असतो किंवा लेबल नसल्याच्या तक्रारीचा. माझे म्हणणे असे की लेबल सगळ्यात शेवटी बघावे. लेबल गळते, बदलते, दुसऱ्या बाहुलीला शिवता येते. बाहुलीची बोटे, कान, मानेमागची शिलाई आणि चेहऱ्यावरचा रंग मात्र बहुधा कारखान्यात झाले तसेच राहतात. खालची उत्तरे याच क्रमाने वाचावीत.

लेंची म्हणजे नेमके काय?

इटलीच्या वायव्येकडच्या तोरिनो शहरातला (आपण तुरिन म्हणतो) बाहुल्यांचा कारखाना. एलेना क्योनिग स्काविनी आणि तिचा नवरा एन्रिको स्काविनी यांनी तो १९१९ मध्ये सुरू केला. एलेनाचा जन्म १८८६ चा, तोरिनोचाच. पहिले महायुद्ध, एन्रिको सैन्यात, पहिले मूल दगावलेले, अशा काळात तिने घरी फेल्टच्या बाहुल्या करायला सुरुवात केली. फेल्टला वाफेने आकार देण्याच्या कामात तिचा भाऊ बुबिने तिच्यासोबत होता. लेंची हे एलेनाचे घरातले लाडाचे नाव. पुढे त्याच अक्षरांवरून 'लुडुस एस्त नोबिस कॉन्स्तान्तेर इंडुस्त्रिया' हे लॅटिन ब्रीदवाक्य बसवले गेले. खेळ हाच आमचा अखंड उद्योग, असा त्याचा अर्थ. कारखान्याच्या चिन्हात मुलांचा भोवरा आहे.

बाहुल्यांची चित्रे काढायला त्यांनी नावाजलेले कलावंत बोलावले. जाहिरातींच्या पोस्टरसाठी प्रसिद्ध असलेला मार्चेल्लो दुदोविच, तसेच जीजी केस्सा, सान्द्रो वाक्केत्ती, मारियो स्तुरानी. आधीच्या पुष्कळ कापडी बाहुल्यांचे चेहरे सपाट आणि एकसुरी असत. लेंचीच्या बाहुल्या रुसतात, डोळे तिरके करून बघतात, ओठ मुडपतात. मुलांसाठीच्या बाहुलीत इतका स्वभाव उतरवणे हे मला या कारखान्याचे सगळ्यात मोठे काम वाटते.

'सुरुवातीच्या' बाहुल्या म्हणजे कोणत्या वर्षांपर्यंतच्या?

संग्राहक साधारण १९१९ पासून १९३० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंतच्या बाहुल्या धरतात. याला कारण आहे. १९२८ पासून कारखान्याने चिनी मातीच्या शोभेच्या मूर्तीही काढल्या. त्या सुंदर होत्या, पण खर्चिक. त्यातच जागतिक मंदी आली आणि कारखाना अडचणीत सापडला. १९३३ मध्ये गारेल्ला बंधू भागीदार म्हणून आले आणि १९३७ पर्यंत सगळा कारभार त्यांच्याकडे गेला. नाव तेच राहिले, बाहुल्याही होत राहिल्या, पण एलेनाच्या हाताखालचा काळ तिथे संपत आला.

नंतरच्या बाहुल्या वाईट असतात असे मुळीच नाही. फक्त विकणारा 'विशीतली' (१९२० च्या दशकातली) म्हणून चाळिशीतली (१९४० च्या दशकातली) बाहुली देत असेल, तर तो फरक आपल्याला कळला पाहिजे.

फेल्टचा चेहरा घडवत कसा?

फेल्ट म्हणजे नमदा: विणलेले कापड नव्हे, तर लोकरीचे तंतू ओल, उष्णता आणि दाब देऊन एकमेकांत गुंतवून केलेली चादर. त्यात उभा-आडवा धागा नसल्यामुळे तो कुठल्याही दिशेने ताणता येतो. वाफ देऊन तापलेल्या साच्यात दाबला की नाक, गाल, हनुवटी एकाच तुकड्यात उठून येतात आणि थंड झाल्यावर तशीच राहतात. म्हणून लेंचीच्या चेहऱ्यावर मधोमध शिवण नसते. जर्मनीच्या श्टाइफ कंपनीच्या जुन्या फेल्ट बाहुल्यांच्या चेहऱ्यावरून मात्र कपाळापासून हनुवटीपर्यंत शिवण जाते. ती दिसली की दहा पावलांवरूनच सांगता येते की ही तोरिनोची नाही.

लेबल नसेल तर कशावरून ओळखायची?

आधी हात बघा. बाहुलीचा पंजा आपल्या बोटावर ठेवा आणि खिडकीच्या उजेडात धरा. अंगठा सुटा, तर्जनी सुटी, करंगळी सुटी, आणि मधली दोन बोटे एकमेकांना शिवलेली. त्यांच्यामध्ये फट नसते, नुसती टाक्यांची रेघ असते. लेंचीच्या पुष्कळ बाहुल्यांत हेच दिसते. पंज्याचा फेल्ट पातळ असतो, बोटांच्या टोकांना टाके बारीक आणि जवळजवळ येतात. हातमोज्यासारखा एकसंध पंजा किंवा बोटे दाखवायला वरून मारलेले चार टाके दिसले, तर दुसऱ्या कारखान्याचा विचार करावा.

मग कान. केस अलगद बाजूला करा. कान चेहऱ्याबरोबर साच्यातून आलेले नसतात. ते वेगळे कापलेले, दुहेरी फेल्टचे, डोक्याला शिवलेले असतात. कानामागे बोट फिरवले की ती शिवण लागते. कानामागची जागा आणखी एका कामाची आहे. तिथे उजेड पोचलेला नसतो, त्यामुळे त्वचेचा मूळ रंग तिथेच बघायला मिळतो. गाल आणि कानामागची त्वचा यांत किती फरक पडला आहे, यावरून बाहुली किती वर्षे उन्हात बसून होती याचा अंदाज येतो.

तिसरी जागा मानेची मागची बाजू. तिथे आणि हातापायांच्या मागे यंत्राची नागमोडी शिलाई दिसते. मान फिरते, हात खांद्यात आणि पाय खुब्यात फिरतात. धड मात्र काळानुसार बदलले आहे. सुरुवातीच्या अनेक बाहुल्यांचे धड फेल्टचे आणि आतून पोकळ आहे. कपड्यावरून हलके दाबले की ते कडक पण रिकामे लागते. नंतरच्या बाहुल्यांत धड सुती कापडाचे आणि आत भरण घातलेले असते.

केस बहुधा मोहेरचे, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचे. ते पट्ट्यांवर शिवून डोक्याला लावलेले असतात किंवा झुपक्या-झुपक्यांनी थेट फेल्टमध्ये बसवलेले असतात. केसांचा पूर्ण टोप काढून परत घालता येत असेल, तर थांबून विचार करावा.

यातली एकच खूण जुळली म्हणून निकाल देऊ नये. हात, कान, मान आणि चेहरा या चारही ठिकाणी एकाच कारखान्याचे काम दिसले पाहिजे.

चेहऱ्याच्या रंगात काय बघायचे?

चेहरा हाताने रंगवलेला असतो. डोळे बहुतेकदा एका बाजूला वळलेले. बुबुळात पांढरे ठिपके, म्हणजे डोळ्यावर पडलेला उजेड. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लालसर ठिपका, नाकपुड्यांवरही तसेच. वरचा ओठ गडद, खालचा फिका, आणि खालच्या ओठावर उजेडाचे दोन हलके फटकारे. गालावरची लाली कडेला विरत जाते, तिला काठ नसतो.

याच बाबतीत नवखे संग्राहक घाई करतात. तिरके डोळे त्या काळात फॅशन होती आणि फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका, सगळीकडच्या कारखान्यांनी ती उचलली. नजर तिरकी आहे म्हणून बाहुली लेंचीची ठरत नाही. ओठांचे दोन रंग आणि ते दोन फटकारे जास्त भरवशाचे.

लेबल, बटण, शिक्का यांचे काय?

खुणा तीन-चार प्रकारच्या आहेत. तळपायावर काळ्या किंवा जांभळ्या शाईचा शिक्का. तो बऱ्याचदा इतका फिका झालेला असतो की समोरून काहीच दिसत नाही. खोलीत अंधार करून टॉर्च तळपायाला जवळजवळ टेकवून आडवा धरला तर अक्षरांचा माग लागतो. विशीतल्या काही बाहुल्यांच्या कपड्यांवर लेंची असे कोरलेले छोटे धातूचे बटण असते. कपड्यांच्या आत शिवलेली कापडी फीत असते. आणि पुठ्ठ्याचे चिठ्ठीवजा लेबल दोऱ्याने अडकवलेले असते.

फितीवर पुष्कळदा ८ सप्टेंबर १९२१ ही पेटंटची तारीख छापलेली असते. ती बघून "आमची बाहुली १९२१ ची" असे अनेकजण ठामपणे सांगतात. ती तारीख पेटंटची आहे, बाहुलीची नव्हे. पेटंट मिळाल्यावर पुढे कित्येक वर्षे तीच तारीख छापली जात होती. म्हणजे तिच्यावरून एवढेच कळते की बाहुली त्यानंतरची आहे. 'मेड इन इटली' असे इंग्रजीत लिहिले असेल तर ती परदेशी बाजारासाठी होती.

फीत नीट उलटून बघा. टाक्यांचा दोरा कपड्याच्या बाकीच्या शिवणीशी जुळतो का? फितीखालचे कापड आजूबाजूपेक्षा ताजे आहे का? जुनी फीत जुन्या जागी असेल तर तिच्याखाली मूळ रंगाचा आयत राहिलेला असतो. तो नसेल, तर फीत नंतर आलेली आहे.

मालिका क्रमांकांचा अर्थ काय?

लेंचीच्या कॅटलॉगमध्ये एकाच अंगाच्या आणि चेहऱ्याच्या बाहुल्यांना एक क्रमांक असतो आणि पोशाखानुसार त्याचे उपप्रकार पडतात. संग्राहकांच्या बोलण्यात १०९, १४९, ३०० असे आकडे सतत येतात. १५०० म्हणजे कपाळाला आठी घातलेला, रुसका चेहरा. एकदा पाहिला की परत विसरत नाही. सगळ्यात छोट्या 'मास्कोत' बाहुल्या साधारण २२-२३ सेंटिमीटरच्या. उंची मोजताना डोक्यावरची टोपी किंवा पिसे धरू नका, टाचेपासून डोक्यापर्यंतच मोजा.

कपडे मूळचे आहेत हे कसे कळते?

लेंचीचे कपडे हाच एक वेगळा अभ्यास आहे. मुख्य कापडे दोन: फेल्ट आणि ऑर्गंडी (पातळ, कडक सुती कापड). ऑर्गंडीच्या झालरीवर झालर, त्यावर फेल्टची कापून लावलेली फुले. फेल्टचे चौकोन जोडून केलेले कोट, कंगोरेदार कड, फेल्टचीच बटणे. बूट फेल्टचे किंवा चामड्याचे. आतला कपडा एकसंध आणि त्याला बारीक लेस. विकणारे आतल्या कपड्याचा फोटो सहसा पाठवत नाहीत, म्हणून तो आवर्जून मागावा. वरचा फ्रॉक कुणीही मन लावून नवा शिवू शकतो, आतल्या कपड्याकडे तितके लक्ष जात नाही.

पुष्कळ बाहुल्यांचे कपडे अंगावरच टाके घालून बसवलेले असतात. ते उसवून 'आत काय आहे' बघायला जाऊ नका. कारखान्याचा टाका एकदा गेला की तो पुरावाही गेला.

सगळ्यात दुर्मिळ कोणत्या?

लहान मुलामुलींच्या आणि इटलीतल्या प्रांतोप्रांतीच्या वेशभूषेच्या बाहुल्या त्यामानाने जास्त सापडतात. मोठ्या, लांब हातापायांच्या दिवाणखान्यातल्या स्त्री-बाहुल्या कमी. त्या खेळण्यासाठी नव्हत्याच, सोफ्यावर किंवा पलंगावर मांडण्यासाठी होत्या. प्रसिद्ध व्यक्तींवरून केलेल्या बाहुल्या आणखी कमी: मूकपटांचा नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो शेखच्या वेशात, ही त्यातली सर्वांत नावाजलेली. काचेच्या डोळ्यांच्या, गोल विस्फारलेल्या डोळ्यांच्या आणि खेळाडूंच्या पोशाखातल्या बाहुल्यांनाही मोठी मागणी असते.

दुर्मिळपणाबरोबर इतिहासही वाचावा लागतो. फॅसिस्ट राजवटीतल्या बालिल्ला या मुलांच्या संघटनेच्या गणवेशातल्या बाहुल्या लेंचीने केल्या. ही संघटना १९२६ ची, म्हणजे तो गणवेश अंगावर असलेली बाहुली त्याआधीची असूच शकत नाही. कालनिश्चितीसाठी ही पक्की खूण आहे. पण ती राजकीय प्रचाराची वस्तूही आहे आणि संग्रहात तिच्या नोंदीत तसे स्पष्ट लिहिलेले असावे असे माझे ठाम मत आहे. आफ्रिकी आणि आशियाई लोकांच्या म्हणून केलेल्या काही बाहुल्यांबाबतही तेच. त्यांत युरोपच्या त्या काळातल्या ठोकळेबाज, कधी अपमानास्पद कल्पना उतरल्या आहेत. त्या लपवू नयेत आणि 'गोड' म्हणून सजवूही नयेत.

'लेंची टाइप' असे लिहिलेले असते. म्हणजे काय?

म्हणजे विकणाऱ्याला माहीत आहे की ती लेंची नाही, किंवा त्याची खात्री नाही.

लेंचीच्या यशानंतर खुद्द तोरिनोतच आल्मा आणि मेस्सिना-वात यांच्यासारखे कारखाने उभे राहिले. इटलीत फियोरे, माजिस हीही नावे भेटतात. फ्रान्समध्ये रेनाल. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या हारबोर्नची चॅड व्हॅली आणि तिथे काम करून १९२६ च्या सुमारास श्रॉपशरमधल्या वेलिंग्टनला स्वतःचा कारखाना काढणारी नोरा वेलिंग्ज. इंग्लिश बाहुल्यांत चेहरा फेल्टचा आणि अंग मखमलीचे असे पुष्कळदा दिसते. कापडी लेबल तळपायावर किंवा मनगटावर शोधावे. रेनालच्या बाहुल्यांत पंजा सहसा एकसंध असतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. आल्माची किंवा रेनालची चांगली राखलेली बाहुली ही कुणाची नक्कल म्हणून बघण्याची वस्तू नाही. तिच्या मागेही त्या काळातले कारागीर, साचे आणि रंगवणारे हात आहेत. माझ्या दृष्टीने नीट ओळखलेली आल्मा ही चुकीच्या लेबलच्या 'लेंची'पेक्षा शंभर पटींनी मोलाची. संग्रहातल्या खोट्या नावांमुळे नुकसान दोन्ही कारखान्यांच्या इतिहासाचे होते.

माझ्या बाहुलीसोबत प्रमाणपत्र आणि डबा आहे. ती जुनी असेल ना?

बहुधा नाही. १९७८ पासून कारखान्याने जुन्या नमुन्यांवरून मर्यादित संख्येच्या नव्या बाहुल्या काढल्या. त्यांच्यासोबत प्रमाणपत्र आणि डबा येतो. त्या अस्सल लेंचीच आहेत, कारण त्याच कारखान्याच्या आहेत, पण त्या विशीतल्या नव्हेत. फेल्ट एकसारखा आणि ताजा, रंग उजळ, कानामागे आणि गालावर रंगाचा फरक नाही, असे दिसले की ओळखावे. एलेनाची मुलगी आनिली हिनेही पुढे आईकडून शिकलेल्या कलेतून स्वतःच्या नावाने फेल्ट बाहुल्या काढल्या. त्याही कधी कधी जुन्या लेंची म्हणून विकायला येतात.

चेहरा नव्याने रंगवलेला आहे का, हे घरी तपासता येईल का?

दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि अतिनील टॉर्च एवढे असेल तर बरेच काही कळते.

भिंगातून जुना रंग तंतूंमध्ये मुरलेला दिसतो. जिथे फेल्ट झिजला तिथे रंगही तंतूंबरोबर गेलेला असतो. नव्याने लावलेला रंग झिजलेल्या खड्ड्यातही भरलेला दिसतो, तंतूंच्या गोळ्यांवर बसलेला दिसतो, कधी कधी मळाच्या थरावरही. नाकाचे टोक आणि ओठांची कड या दोन जागा आधी तपासा, कारण झीज तिथेच जास्त होते.

अतिनील उजेडात पांढरी ऑर्गंडी, लेस किंवा शिवणीचा दोरा निळसर झळकला, तर त्यात कपडे उजळ दिसण्यासाठी घालतात ती आधुनिक रसायने आहेत. ती सर्रास वापरात आली दुसऱ्या महायुद्धानंतर. पण इथे घाईने निकाल देऊ नये. जुनाच फ्रॉक कुणी हल्लीच्या पावडरने धुतला असेल तरी तो तसाच झळकतो. मात्र फक्त एकच शिवण झळकत असेल आणि बाकीचे कापड नाही, तर ती शिवण नंतरची.

धागा जाळून बघण्याची परीक्षा कृपा करून करू नका. शंभर वर्षे टिकलेल्या वस्तूचा एक तंतूही त्यासाठी खर्चू नये.

किंमत कशावर ठरते?

ढोबळ मानाने छोट्या, नेहमी मिळणाऱ्या बाहुल्या काही शे डॉलरना जातात आणि दुर्मिळ, मोठ्या, उत्तम स्थितीतल्या काही हजार डॉलरना. चेहऱ्याचा रंग टवटवीत असणे सगळ्यात महत्त्वाचे. त्यानंतर मूळ कपडे, कसर (लोकर खाणारी कीड) न लागलेला फेल्ट, मूळ केस आणि शेवटी लेबल. उत्तम चेहऱ्याची लेबल नसलेली बाहुली ही उडालेल्या चेहऱ्याच्या लेबलवाल्या बाहुलीपेक्षा बहुधा वर जाते. नव्याने रंगवलेल्या चेहऱ्याने किंमत खूप उतरते, मग काम कितीही सफाईदार असो.

मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत गल्लत करू नका. लिलावगृहांच्या संपलेल्या विक्रीचे आकडे बघा. अमेरिकेतल्या ॲनापोलिसचे थेरिओज हे बाहुल्यांच्या लिलावांसाठीच ओळखले जाते.

ऑनलाइन घेताना कोणते फोटो मागावेत?

चेहरा समोरून आणि दोन्ही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात. मानेची मागची बाजू. दोन्ही पंजे, आतून आणि बाहेरून. दोन्ही तळपाय. केस बाजूला केलेला कान. आतला कपडा. लेबल दोन्ही अंगांनी. आणि शेजारी मोजपट्टी ठेवून पूर्ण बाहुली. "फोटोत दिसते तशी आहे" एवढेच उत्तर आले आणि मानेमागचा फोटो काही केल्या येईना, तर मी पुढे जात नाही.

भारतात मागवताना किंवा भारतातून बाहेर नेताना काही अडचण?

दोन कायदे माहीत असावेत. खेळण्यांच्या गुणवत्तेसंबंधीचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी असलेल्या वस्तूंना भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) प्रमाणन लागते. पार्सलवर नुसते 'खेळणे' असे लिहिले की कस्टम्समध्ये प्रश्न उभा राहू शकतो. विकणाऱ्याला खरे ते लिहायला सांगा: जुनी संग्राह्य बाहुली, अंदाजे वर्ष, खेळण्यासाठी नाही. आयात शुल्काचे दर बदलत असतात, पैसे भरण्याआधी चौकशी करा.

दुसरा कायदा जास्त गंभीर. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९१९ ते १९२५ च्या बाहुल्यांनी आता शंभरी गाठली आहे. इंग्लंड-अमेरिकेत राहणारी आपली मंडळी एखादी बाहुली पुण्या-मुंबईच्या घरी आणून ठेवतात आणि मग परत नेऊ बघतात. असे करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करावी.

कसर लागली आहे. काय करू?

सगळ्यात आधी ती बाहुली बाकीच्यांपासून दूर करा. फेल्ट म्हणजे लोकर, आणि कसरीच्या अळ्यांचे ते खाद्यच. पतंग उडताना दिसतो, पण खाते ती अळी, आणि ती अंधाऱ्या सांध्यात असते: कानामागे, खुब्यात, टोपाखाली.

प्लास्टिकच्या पिशवीत बाहुली पातळ कागदात गुंडाळून ठेवा, हवा शक्य तितकी काढून पिशवी घट्ट बंद करा आणि उणे १८ ते उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे राहू द्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण एक दिवस तशीच खोलीत ठेवा, नाहीतर हवेतली वाफ थंड फेल्टवर पाणी होऊन बसेल. काचेचे डोळे असलेली किंवा रंगाचे पापुद्रे सुटलेली बाहुली मात्र फ्रीझरमध्ये घालण्याआधी जाणकार संवर्धकाला दाखवा.

डांबराच्या गोळ्या आपल्याकडे कपाटात सर्रास टाकतात. त्या बाहुलीच्या पेटीत टाकू नयेत. त्यांची वाफ रंगाला आणि जवळच्या प्लास्टिकला बाधू शकते आणि वास वर्षानुवर्षे जात नाही. कडुलिंबाच्या पाल्याचा चुरा फेल्टमध्ये शिरून बसतो. महिन्या-दोन महिन्यांनी बाहुली बाहेर काढून बघणे हाच खरा उपाय.

धुता येईल का?

नाही. ओला फेल्ट आटतो, साच्यातला आकार सोडतो, रंग पसरतो. मऊ केसांच्या ब्रशने धूळ हलवा आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बारीक जाळी बांधून, कमीत कमी जोरावर, अंगाला न टेकवता ओढून घ्या. इस्त्री नको. चेपलेले नाक वाफेवर धरून उठवण्याचे व्हिडिओ बघून कुणी घरी प्रयोग करू नये. त्या वाफेत रंग जातो.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कशी ठेवावी?

दमट हवेत बुरशी कसरीइतकीच वाईट. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असावी. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ती ऐंशीच्या पुढे जाते. आर्द्रतामापक स्वस्त मिळतो, तो कपाटात ठेवा. काचेच्या कपाटात सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी गरम करून वाळवावे. बाहुली भिंतीला टेकवून ठेवू नये, कारण ओल भिंतीतून येते. पुठ्ठ्याची साधी खोकी आणि वर्तमानपत्र टाळा, आम्लविरहित कागद वापरा. ऊन तर नकोच, पण कपाटातला सतत चालू असलेला दिवाही नको. लाल आणि गुलाबी रंग सगळ्यात आधी उडतात, आणि चेहऱ्याचा जीव त्यांच्यातच असतो.

मुलांना खेळायला द्यावी का?

नको. शेजारी बसून, हात स्वच्छ धुऊन, बघायला जरूर द्यावी.

अस्सल बाहुल्या प्रत्यक्ष कुठे बघता येतील?

इटलीत माज्जोरे सरोवराकाठच्या आंजेराच्या किल्ल्यात बाहुल्यांचे मोठे संग्रहालय आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात लेंचीच्या बाहुल्या आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथले स्ट्राँग म्युझियमही बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी १९४९ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड फेडरेशन ऑफ डॉल क्लब्जच्या स्थानिक मंडळांची चौकशी करावी. तिथे बाहुली हातात घेऊन शिकता येते आणि फोटोंच्या शंभर पानांपेक्षा त्यातून जास्त कळते.

घरात वारशाने मिळाली आहे. सुरुवात कुठून करू?

काहीही साफ करण्याआधी, शिवण्याआधी, विकण्याआधी नोंद करा. आहे त्या मळक्या अवस्थेत सगळ्या बाजूंनी फोटो काढा. उंची मोजा. पंजे, कान, मान, चेहरा, धड, कपडे यांबद्दल जे दिसते ते साध्या शब्दांत लिहा आणि जे दिसते त्यातच तुमचा अंदाज मिसळू नका, तो वेगळा लिहा. सुटलेले बटण, गळलेले फूल, तुटलेली फीत छोट्या पाकिटात घालून त्यावर कुठे सापडले ते टिपा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: ही कुणी आणली, कोणत्या शहरातून, कोणत्या साली, कुणासाठी. बाहुलीसोबत कुणाचा जुना फोटो असेल तर तोही त्याच वहीत लावा. मूळ मालकाचे नाव आणि प्रवास माहीत असलेली बाहुली संग्रहालयांनाही हवी असते, आणि ही माहिती घरातल्या माणसांकडून आजच लिहून घेतली नाही तर पुढे ती कुठल्याही भिंगातून दिसणार नाही.